बंद झालेल्या गाडीचं माहेर

नाशिक सोडलं तेव्हाच गाडीच्या स्टिअरिंगचा पंप गेलेला होता. वैजापूर येईपर्यंत चाक वळवून वळवून माझे खांदे निखळायला आले. ही लांब डिकीची पांढरी सेडान एके काळी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जायची. डॉक्टर, ठेकेदार तिच्यासाठी ताटकळायचे. मग लोकांना उंच गाड्यांची हौस आली आणि हे मॉडेलच बंद झालं. आता पंप मिळेना. नाहीच मिळाला तर गाडी भंगारात, असं घरच्यांनी बजावलं होतं. म्हटलं, एकदा माहेरी नेऊन बघू.

पडेगावला सलीमभाईंचं भंगाराचं आवार आहे. मागे दौलताबादचा किल्ला, पुढे गाड्यांचे सांगाडे, आणि त्यांत हुबेहूब माझ्यासारखीच पांढरी गाडी! मी हरखलेच. तिच्यात एक गृहस्थ बसून होते.

"वो पिशोर के पाटील हैं," सलीमभाई हळूच म्हणाले. "गाडीचं इंजिन बसलं. हमारे यहाँ दस्तूर (रिवाज) है, मॅडम. कापने के पहले मालिक आखरी हॉर्न बजाता. उसके बाद ही हम पाना लगाते."

पाटील सकाळपासून बसले होते. हात हॉर्नवर जायचा, परत मांडीवर यायचा. सलीमभाईंनी नान खलिया (मटणाचा पातळ रस्सा आणि तंदुरी नान) मागवला. मी ताव मारला. पाटलांनी घासही घेतला नाही. मला त्या गाडीचाच पंप हवा होता आणि त्याची मनातून लाजही वाटत होती. शेवटी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"हिची दारं माझ्या पोरानं बसवली," ते म्हणाले. "शेंद्र्याला लाईनवर व्हता. लाईन बंद झाली, गेला गुजरातला. त्याची माय हिला लई जपती. दुरुस्तीला नेतो म्हणून सांगितलंय तिला."

"मग राहू द्या, दादा."

"ठेवून काय? गंजून जाईल. तुमची तरी चालंल."

आणि त्यांनी हॉर्न दाबला.

पंप बसला, चाक एका बोटानं फिरू लागलं. पाटलांना एसटीनं पाठवणं मला जमेना. वेरूळचा घाट, कन्नड, मग दोन्हीकडे मका आणि कापूस.

पिशोरला गाडी थांबताच त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत धावत आल्या. "आली का वं नीट होऊन!" त्यांनी मागच्या दारावरून हात फिरवला. "पोचा बी काढला व्हय? लई बेस काम केलं."

मी काही बोलणार, तेवढ्यात पाटील म्हणाले, "ही ह्या ताईंची हाय. आपली कापली."

त्या आत निघून गेल्या. आता काही बाहेर येत नाहीत, असं मला वाटलं. पण हळदीकुंकू घेऊन आल्या आणि माझ्या गाडीच्या चारही दारांना त्यांनी बोटं लावली.

"दारं आपटत नका जाऊ, ताई," एवढंच म्हणाल्या.

घरी पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, काम झालं ना? झालं, म्हटलं. मॉडेल कारखान्यात कधीच बंद झालं होतं. पण पिशोरच्या त्या घरातून मुलगा दुसऱ्यांदा गेला; आधी गुजरातला, आणि या खेपेला त्यानं दारं बसवलेल्या गाडीबरोबर, जिचा पंप मी घेऊन आले.