कडक लागणारा ब्रेक

माझा डावा हात गेला त्याला आता दीड वर्ष होईल. गेला म्हणजे आहे जागेवरच, पण त्याच्यात जोर नाही. अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. सौम्य! त्यांचे दोन्ही हात शाबूत होते, त्यांना म्हणायला काय जातंय? महिन्याभरात पाय चालू लागला, जीभही वळायला लागली. हात मात्र रुसला तो रुसलाच. हँडलवर नुसता ठेवला तर राहतो, पण चमचासुद्धा दाबून धरत नाही.

हाताचं एक वेळ सोसलं असतं. पण त्या दिवसापासून मला कुणी एकट्याला कुठे जाऊ देईना. न्हाव्याकडे बायको सोबत, औषधाच्या दुकानात बायको सोबत. मुलगा पुण्याहून फोनवर बजावायचा, "बाबा, आईला घेतल्याशिवाय गेटबाहेर पडायचं नाही." अरे, भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य घातलेला माणूस मी. मशीन अडलं की इंजिनिअर लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. आणि आता कोलार रोडच्या आमच्या कॉलनीत मी बायकोच्या मागे पिशवी धरून उभा! मला एकट्याने बाहेर जायचं होतं. कुणाला न विचारता निघायचं आणि मनात येईल तेव्हा परत यायचं, बस एवढंच.

जिन्याखाली मुलाची कॉलेजातली सायकल पडून होती. तिचे ब्रेक टायरला वरून कवटाळणारे, साधे, दोन पंजांचे. पण पुढचा ब्रेक एका हाताने आणि मागचा दुसऱ्या हाताने, तिथेच घोडं अडलं. मग मोबाईलवर शोधताना एक लिव्हर दिसला, दोन्ही केबल एकाच वेळी ओढणारा. एका हातात दोन्ही ब्रेक. सगळ्या सायकलींना चालतो असं खाली लिहिलं होतं. मी मुलाला न सांगता तो मागवला.

बसवायला तीन दुपारी लागल्या. ब्रेकचे पंजे रिमवर दाबून धरायचे आणि त्याच वेळी केबल ताणून नट आवळायचा, याला माणसाला खरं तर तीन हात लागतात. माझ्याकडे एक. मी पंजे सुतळीने आवळून बांधले, केबलचं टोक दातात धरलं आणि पाना फिरवला. बायको दारातून बघत होती. "काहून हट्ट करता जी? मी धरते ना पकड," ती म्हणाली. ती मूळची नागपूरची, चिडली की नागपूर बाहेर येतं. मी तिला चहा करायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लिव्हर दाबून पाहिला. कडक! जरा दाबला की जागच्या जागी थांबायचा, लुसलुशीतपणा अजिबात नाही. कारखान्यात मी हाताच्या अंदाजावर चालायचो. बाकीचे मापं काढत बसायचे, मी तळवा ठेवून सांगायचो, बेअरिंग गेलंय. तोच उजवा हात आता सांगत होता की ब्रेक उत्तम लागलाय. चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला, चाक थांबलं. व्हरांड्यात सायकल ढकलून दाबला, सायकल थांबली. मला आणखी काय हवं होतं?

"गल्लीत एक चक्कर मारून बघा, मी आहे जवळ," बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरी त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, ते कारकून होते, पण टाक-दौत पूजेला ठेवायचे आणि दिवसभर एक अक्षर लिहायचे नाहीत. माझे पाने, पकड, मापं घ्यायचं व्हर्नियर आणि ती सायकल बायकोने पुसून ठेवली, हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली. चक्कर राहिली. मी म्हटलं, आज रीत नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. तिच्यासमोर गल्लीत लटपटलो असतो तर सायकल पुन्हा जिन्याखाली गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. रिवाजाच्या आड मी माझी भीती लपवली.

दसऱ्याला दुपारी पिशवीत आपट्याची पानं घेतली. उताराखाली, नाल्यापलीकडे माझा एक जुना सोबती राहतो, त्याला सोनं द्यायला जातो म्हणालो. बायको गेटपर्यंत आली. तिने एकदाच विचारलं, "जमेल ना?" टांग टाकली आणि निघालो. पहिली शंभर पावलं सपाट होती. चेहऱ्यावर वारा लागत होता आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मला मोठ्याने हसू आलं, हे मी लपवत नाही.

मग उतार सुरू झाला. मी लिव्हर दाबला. तो तसाच कडक, अगदी दगडासारखा. पण सायकल थांबेना. आणखी दाबला, बोटं पांढरी पडली, रबर रिमवर नुसतं घासत राहिलं. खाली नाल्याच्या पुलाजवळ देवीच्या विसर्जनाची ट्रॉली उभी होती, लोक नाचत होते, आणि ढोलाच्या आवाजात माझं ओरडणं कुणाला ऐकू जाईना. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई रस्त्याच्या मधोमध पाठमोरी उभी होती. मी जिवाच्या आकांताने हँडल वळवलं. तिच्या ओढणीचं टोक माझ्या हाताला लागून गेलं. मग बांधकामाच्या वाळूचा ढीग आणि त्यात मी.

लोकांनी उचललं. गुडघा फुटला होता, बाकी काही नाही. "अंकल, ये कोई उमर है साइकिल चलाने की?" कुणीतरी म्हणालं. ती बाई लेकराला छातीशी दाबून माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात उतारावरून बायको धावत आली, एका पायात चप्पल नव्हती. गेटमधून तिने सगळं पाहिलं होतं. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. ती रागावली नाही. माझ्या शर्टावरची वाळू झटकत राहिली, आणि मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

चार दिवसांनी जुन्या शहरातल्या सायकलवाल्याकडे गेलो, अर्थात बायको सोबत. त्याने लिव्हर एकदाच दाबला. "बाबूजी, ये तो दूसरे टाइप के ब्रेक का है। इसमें कड़क लगेगा, पकड़ेगा नहीं।" मग त्याने समजावलं, आणि ते ऐकताना मला धरणी दुभंगावी असं झालं. हा लिव्हर लांब पंजांच्या ब्रेकसाठी केलेला, तो केबल जास्त ओढतो पण जोर कमी लावतो. माझ्या ब्रेकला थोडी केबल आणि भरपूर जोर हवा होता. त्यातून होता तो जोरही दोन ब्रेकांत वाटला गेला. म्हणून तो इतका कडक लागत होता. लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिच्यापासून केबलच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून जुन्या लिव्हरशी ताडलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. व्हर्नियर घरात होतं. मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचो की हाताचा भरवसा मापाने तपासा, आणि स्वतः एका लेकराच्या अंगावर सायकल घातली होती.

त्याने एका जुन्या तीनचाकी सायकलीचा, दोन केबल घेणारा आणि माझ्या ब्रेकला जुळणारा लिव्हर काढून दिला. तो मी बसवला. या वेळी पंजे बायकोने धरले. हा दाबला की जरा मऊ लागतो, पण चाक जागीच गच्च होतं. बायकोने स्वतः गल्लीत सायकल चालवून पाहिली, अगदी उतारावरसुद्धा. ब्रेकमध्ये आता काही खोट नाही.

खोट माझ्यात आहे. सीटवर बसलो की मला ती पाठमोरी बाई दिसते आणि हात लिव्हर सोडतच नाही. पॅडल मारायचं आणि ब्रेकही दाबून ठेवायचा, अशी सायकल कुठे जाणार? दहा-बारा दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी बायको आली आणि तिने मागून कॅरिअर धरलं.

आता रोज तसंच चालतं. मी हळूहळू पॅडल मारतो, ती साठीची बाई कॅरिअर धरून मागे चालते, तिला दम लागलेला मला ऐकू येतो. शेजारी बघतात. काल गेटपाशी तिने विचारलं, "सोडू का?"

"सोडू नकोस," मी म्हणालो.