वॉर्डभर सांगितलेला रिपोर्ट

"पेशंटला एचआयव्ही आहे. इथं ऑपरेशन होणार नाही. दुसरीकडं हलवा."

डॉक्टर माझ्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून लताशी बोलत होते. लता माझी बायको. रिपोर्ट माझा होता, पण माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. खोलीत आणखी चार पलंग होते. शेजारच्या पेशंटच्या आईनं घाईघाईनं जेवणाच्या डब्यावर झाकण ठेवलं, ते मला दिसलं.

आदल्या दिवशी बीड बायपासला एका इमारतीचं प्लास्टर करताना मी बांबूच्या परांचीवरून पडलो. डाव्या मांडीचं हाड मोडलं. मुकादमानं जवळच्या खासगी दवाखान्यात आणलं. तिथं रक्त घेतलं. कशासाठी, ते कुणी बोललं नाही. ऑपरेशनला लागत असेल असं मला वाटलं.

आम्ही वैजापूरकडचे, मेंढरंवाले. पाऊस सलग हुकला, तेव्हा थोरला भाऊ कळप घेऊन लांब मुलखात गेला आणि मी लताला नि पोरीला घेऊन शहरात आलो. गावात प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची. इथं उभ्या राहणाऱ्या इमारतींना मात्र रोज पाणी मारायला मिळायचं.

डॉक्टरांनी हलवा म्हटलं, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात आलो. पायाला ट्रॅक्शन लावलं, म्हणजे हाड सरळ राहावं म्हणून वजन बांधून पाय ओढून धरतात. कूस बदलता येत नाही. अंग जागेवर आणि मन सैरावैरा. कुणी दाराशी हळू बोललं तरी वाटायचं, माझंच चाललंय.

तिथल्या समुपदेशक मॅडम आल्या. आधी पडदा ओढला, मग बोलल्या. "तुम्हाला विचारल्याशिवाय ही तपासणी करायला नको होती. चारचौघांत सांगायला तर मुळीच नको. तसा कायदा आहे."

"आता काय उपयोग मॅडम? सगळ्यांनी ऐकलं."

"इथून पुढं कुणाला सांगायचं, ते तुम्ही ठरवायचं. हा उपयोग."

त्यांनी मला विचारून पुन्हा तपासणी केली. तेच निघालं. मग समजावलं. एचआयव्ही हा विषाणू अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी करतो. एआरटी म्हणजे त्याला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या. रोज घ्यायच्या, जन्मभर. सरकारी केंद्रात फुकट मिळतात. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही.

कुठून आला, हे लतानं विचारलं. मला जे माहीत होतं ते मी तिला सांगितलं. ते आमच्या दोघांत राहू द्या.

लताची आणि पोरीची तपासणी झाली. निकाल येईपर्यंत मी पंख्याकडं बघत पडलो होतो आणि पंखा फिरतोय की बंद आहे, हेही मला कळत नव्हतं. दोघी निगेटिव्ह निघाल्या. नवी लागण लगेच दिसत नाही, म्हणून लताला काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. मी रडलो. लता नाही रडली.

मुकादमाकडून बातमी लताच्या माहेरी, लासूर स्टेशनला पोचली. मेहुणा भगवान आला, पलंगापासून लांबच उभा राहिला. "दाजी, ताईला नि पोरीला घेऊन चाललो. तुमचं तुमी बघा." लता त्याच्याबरोबर गेली. वळून बघितलं नाही.

मग नुसती वाट बघणं. ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी ठेवायचे आणि संध्याकाळी सांगायचे, आज नाही. माझं नाव कायम सगळ्यांच्या शेवटी. असं बऱ्याचदा झालं, तेव्हा मी मॅडमना सांगितलं. त्या मोठ्या सर्जनना घेऊन आल्या. सर्जन शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "याचं माहीत आहे म्हणून घाबरता. ज्यांचं माहीत नाही त्यांचं काय? काळजी प्रत्येक पेशंटला सारखीच घ्यायची. उद्या पहिला हा."

हाडात रॉड बसला.

टाके काढायच्या आधी एका सकाळी लता दारात दिसली. पोर कडेवर, हातात पिशवी.

"भाऊ म्हणला, सुटं हो. म्या म्हणलं, माझं म्या ठरवीन," ती म्हणाली. "राग लई हाय अजून. तो जायाचा नाय इतक्यात. गोळी सुरू झाली का?"

"व्हय."

"टायमाला घेता का?"

मी मान हलवली. ती खाली बसली आणि पोरीला भाकरी दिली.

ज्यांची गोळी नुकतीच सुरू झालीय, त्यांना सांगतो. माझं पहिले काही आठवडे डोकं गरगरायचं, भलतीच स्वप्नं पडायची. वाटायचं, सोडून द्यावी. सोडू नका, डॉक्टरला सांगा. माझा त्रास हळूहळू थांबला. पुढं व्हायरल लोड तपासला, म्हणजे रक्तात विषाणू किती ते. मशीनला सापडणार नाही इतका कमी निघाला. लताची दुसरी तपासणीही निगेटिव्ह आली. आता परांचीवर चढत नाही, खाली बसून फरशीचं काम करतो. लताचा राग कधी असतो, कधी नसतो. पडदा ओढणाऱ्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात भगवान अचानक खोलीवर आला. दोन ग्लास पाणी प्यायला. लता बाहेर गेली तेव्हा म्हणाला, "दाजी, ते तपासायचं कुठं असतं? लासूरचा एक माणूस हाय."

कोण, ते मी विचारलं नाही. "सकाळी चल, जागा दाखवतो," म्हणालो.

सकाळी आम्ही दोघं दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलो. तिसरं कुणी आलं नाही. भगवान सारखा उठायचा, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा. मग आतून त्याचाच नंबर पुकारला. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"दाजी, तुमी आत येता का?"

"तू म्हणशील तर येतो," मी म्हणालो.