शेअरचा तुकडा आणि अख्खं कोहळं

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. अमेरिकेतल्या कीटकनाशक कंपनीच्या एका शेअरचा विसावा तुकडा मोबाइलवर घेतला, तर ओटीपी यायला तब्बल दहा मिनिटं लागली!

मग अकोल्याच्या बाजारात वनिताबाईकडं पावभर कोहळं मागितलं. तिच्यापुढं तीन अख्खी पडून होती.

"अख्खंच न्या, भाऊ. पयला चाकू बाईनं लावू नाई. ते काम आमच्या मालकायचं होतं."

"मंग गजाननभाऊ कुठं गेले?"

"कपाशीले औषध फवारता फवारता इषबाधा होऊन गेले. महिना झाला."

माझ्या शेअरच्या तुकड्याचं आता काय करू, तुम्हीच सांगा.

गजाननभाऊनं वर्षानुवर्षं माझ्या पावभरासाठी अख्खं कोहळं फोडलं होतं. मी खाली बसलो, वनिताबाईकडून चाकू घेतला आणि तिन्ही कोहळी फोडून दिली.