हयातीचा दाखला

फोन वाजला की वैशालीवहिनी आधी गॅस बंद करायच्या. हात पदराला पुसून, भिंतीला टेकून मगच फोन कानाला लावायच्या. "पडले तर आगीवर तरी नको," असं म्हणून हसायच्या. त्या हसण्याची मला भीती वाटे.

रोह्याजवळच्या वरसे गावात त्या आमच्या शेजारी राहत. नवरा दिलीप फौजेतून पेन्शनवर आलेला. रोह्याच्या एका कारखान्याच्या गेटवर शिफ्टने उभा राहायचा. पेणच्या एका एजंटाने त्याला परदेशात गोदामाच्या राखणीचं काम दाखवलं. पगार इथल्या कितीतरी पट. "फौजेतलाच माणूस पायजे त्यांना," दिलीप छाती काढून सांगत होता. करार इंग्रजीत. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून दोघं तो घेऊन माझ्याकडे आली.

छापलेलं काहीही वहिनी शेवटपर्यंत वाचत, इंग्रजीसुद्धा अक्षर लावून लावून. शेवटच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "गुरुजी, 'कंपनी सांगेल तिथे' म्हणजे कुठं हो?"

"असं सगळ्याच करारांत असतं," मी म्हणालो.

दिलीप गेला. दोन महिन्यांनी त्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच होतो. वहिनींनी स्पीकर लावला. "गोदाम नाय गो इथं. पासपोर्ट काढून घेतलाय. आता पुढं नेतायत आम्हाला, खंदकात. गुरुजींना सांग..." आणि फोन तुटला. मला काय सांगायचं होतं, ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला गेलो. एजंटाने पाणी दिलं. म्हणाला, "ताई, ते सैनिक नाहीत, कंत्राटी कामगार आहेत. कुठलंच सरकार त्यांची जबाबदारी घेणार नाही."

"आणि हातात बंदूक दिली ती कुणाच्या जबाबदारीवर?" वहिनींनी विचारलं. त्याने पंखा वाढवला.

बाहेर बाकावर तिघं जण फायली घेऊन बसले होते, त्याच कामासाठी. वहिनींनी एकेकाला सगळं सांगितलं. एक उठून गेला. दोघं बसून राहिले.

मग दिलीपचा फोन आलाच नाही. नोव्हेंबरात बँकेने पेन्शनसाठी दिलीपच्या हयातीचा दाखला मागितला. काउंटरवरची मुलगी भली होती. हळूच म्हणाली, "नाहीतर मृत्यूचा दाखला आणा, काकी. पेन्शन तुमच्या नावावर होईल."

वहिनींनी पासबुक मिटलं. "दोन्ही नायत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "थांबवा पेन्शन. मी कारखान्याच्या कँटीनला लागते. पण ते नायत, असं माझ्या हातानं लिहायला लावू नका."

पायऱ्या उतरताना मला राहवलं नाही. "वहिनी, त्या दिवशी मी नीट वाचायला हवं होतं. मला माफ..."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"नको, गुरुजी. तुम्ही माफी मागितलीत, की ते गेले असं होईल."