समुद्राकडचं दार

आमच्या गावातली जुनी दुकानं रस्त्याकडे पाठ करून उभी आहेत. बांधली तेव्हा माल गलबतांतून यायचा, म्हणून पुढची दारं समुद्राकडे. आता माल टेम्पोनं येतो आणि गिऱ्हाईक मागच्या दारानं.

तरी किराणावाले बाबलशेठ रोज आधी समुद्राकडचं दार उघडतात, उंबऱ्यावर पाणी शिंपडतात, मगच रस्त्याकडचं.

काल न राहवून विचारलं, "शेठ, तिकडून आता कोण येणार?"

"कोण नाय येत. पण पुढचं दार हेच ना! बंद दिसलं तर दुकान उठलं म्हणतील."

म्हणणारं समोर कुणीच नव्हतं; नुसता समुद्र होता.

बऱ्याच वर्षांनी गावी आलेला मीही मागूनच आत शिरलो होतो. निघताना मुद्दाम पुढच्या पायऱ्या उतरलो. वाळूत उभं राहून वळून पाहिलं, तर दुकानाची पाटी याच दारावर होती, आणि तिचा रंग यंदाचा होता.