मानेचे गुण

ओतूरच्या बाजारात कांदा घेणारा माणूस मालाला चांगलं म्हणत नाही. मी हमालीतून व्यापारात आलो, त्यात शिकलेली पहिली गोष्ट ही. कांद्याची मान जराशी ओलसर लागली तरी "चिंब आहे" म्हणायचं. शेतकरी "ठणठणीत कोरा" म्हणणार. मग तोंडाला तोंड लागतं आणि खरं काय ते मधे कुठंतरी सापडतं.

कॉलेजातल्या एक मॅडम माझ्याकडं आल्या. कांदाचाळीत साठवून ठेवलेला कांदा किती दिवस टिकेल हे सांगणारा प्रोग्राम त्या बनवत होत्या. कांदा ओला की कोरा, असं विचारून चालत नाही, बहुतेक कांदे मधलेच असतात, असं त्या म्हणाल्या. म्हणून ओलेपणाला दहापैकी गुण द्यायचे. सहा गुणांचा कांदा थोडा ओलसरही धरायचा, थोडा ओलाही; दोन्हींचे नियम लावायचे आणि त्यांचा मेळ घालून दिवस काढायचे. मला हे पटलं. माझा अंगठा जन्मभर दुसरं काय करत होता?

त्या हातात कांदा द्यायच्या. मी मान दाबून गुण सांगायचो आणि तो किती टिकेल तेही. दिवस अगदी खरे सांगितले. गुण मात्र सवयीनं चढवले, पाचाला आठ. "काका, आठ कसले, पाच धरा," असं त्या म्हणतील म्हणून थांबायचो. त्या मुकाट्यानं लिहून घ्यायच्या. बाईला घासाघीस जमत नाही, एवढंच मनात आलं.

पिंपळवंडीला माझा थोरला भाऊ असतो. त्यानं उन्हाळी कांदा जरा घाईनं काढला आणि सगळा एकाच चाळीत भरला. मोबाईलवरच्या त्या प्रोग्रामनं विचारलं तेव्हा त्यानं स्वतः मान दाबून प्रामाणिकपणे आठ गुण भरले. प्रोग्राम माझ्या गुणांवर शिकलेला, आणि माझा आठाचा कांदा म्हणजे मुळात पाचाचा, दोन महिने टिकणारा होता. त्यालाही तेच उत्तर आलं, म्हणून त्यानं माल न विकता ठेवून दिला. त्याचा कांदा खरोखरच ओला होता.

महिनाभरात चाळीखालून पाणी गळायला लागलं. वहिनी तोंडाला पदर बांधून निवडत होती. हात घालील तिथं काळं निघत होतं. मी भावावर ओरडलो, बाजारात तीस वर्षं काढलेला सख्खा भाऊ असताना मोबाईलला कशाला विचारलं.

"तू माज्या मालाला कधी चांगलं म्हणलायस?" तो म्हणाला. "म्हणलं, मशीन तरी भाव पाडाया बोलणार न्हाई."

त्याच रागात कॉलेज गाठलं. मॅडमनी वही पुढं केली. सगळे आठ माझेच होते, खाली माझी सही. मी विचारलं, वाद का नाही घातला?

"काका, तुम्ही जाणकार म्हणून आलो होतो. वाद कशाला घालू?"

आजही मला त्यांचा राग येतो. बाजारातलं शेंबडं पोरसुद्धा पहिला आकडा धरत नाही.

तरी पिंपळवंडीला परत गेलो आणि ते गुण माझे होते, हे भावाला सांगितलं. तो सडका कांदा ट्रॉलीत भरत होता. पाटी खाली ठेवली नाही.

"म्हंजी त्यात बी तूच व्हतास," एवढंच म्हणाला.

मी दुसरी भरलेली पाटी उचलायला वाकलो. वहिनीनं ती काढून घेतली.

यंदा त्यानं कांदा लावला नाही.