उंदीरमारीच्या बुडाशी

गिरिपुष्पाचं झाड मला कधीच आवडलं नाही. फांदी खोचली की फुटतं. ना फळ, ना धड सावली. शेळीसुद्धा वास घेऊन मान फिरवते. तरी चौसाळ्याचा रोपवाला म्हणाला, "गुर्जी, ह्याला उंदीरमारी म्हणत्यात. ह्याच्या वासानं उंदीर बांधावर पाय ठिवत न्हाई." आणि जन्मभर विज्ञान शिकवलेला मी टेम्पोभर फांद्या घेऊन आलो.

उंदराचाही मला तेवढाच तिटकारा. निवृत्तीनंतर मी सीताफळाची बाग लावली होती, तिचा तिसरा उन्हाळा होता. बोअर जेमतेम तासभर चालायचा, आणि शेतातले उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडून तेवढंही पाणी वाया घालवायचे. झाडं माना टाकायला लागली.

उंदीरमारी मात्र फोफावली. चैत्रात पाहतो तर तिच्याच बुडाशी बिळं. तिनं पाला अंथरला होता आणि उंदरांनी संसार थाटला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! दोघांत जास्त निर्लज्ज कोण, ते मला ठरवता येईना. उंदीर निदान राबतो तरी. झाड नुसतं उभं.

मी विषाच्या गोळ्या आणल्या. बायको म्हणाली, "इख कावून घालता? तहान लागती त्यायला. नळी खायची हौस न्हाई." सातवी शिकलेल्या बाईनं मला उंदराचं मन समजावून सांगावं, याचं मला हसू आलं. गोळ्या उंदरांनी हुंगल्यासुद्धा नाहीत.

वैशाखात निम्मी बाग वाळली. बोअरजवळच्या चार ओळी तेवढ्या हिरव्या राहिल्या. तिकडं उंदीरमारी दाट होती; शेवटी तिच्याच वासानं त्या वाचल्या असं धरून मी येईल त्या पाहुण्याला ती कौतुकानं दाखवायचो. बायको चहा द्यायची आणि आपल्या कामाला लागायची.

मग ती तापानं पडली. तिसऱ्या दिवशी त्या चार ओळींतल्या नळ्यांनाही भोकं पडली. मी चिडून घरी आलो, तर अंथरुणातूनच तिनं विचारलं, "करवंट्यांत पाणी घातलं का?"

मी परत शेतात गेलो. कपिलधारच्या यात्रेत फोडलेल्या नारळांच्या करवंट्या तिनं दर नळीशेजारी पाल्याआड मातीत रोवल्या होत्या. सगळ्या कोरड्या. मी बादली भरून एकेक करवंटी भरली. कंबर मोडली. ती हे रोज करत होती.

उरलेली बाग आता फळावर आलीय. पाहुणे आले की मी उंदीरमारी दाखवत नाही. करवंट्या मात्र अजून एकालाही दाखवलेल्या नाहीत.